वाचक विचारतात : बिल्बाओवाले बाहेरचा प्लेअर खरंच घेत नाहीत?

प्रश्न : मे 2025 मधली युरोपा लीगची फायनल रात्र जागून बघितली, टॉटनहॅमने मँचेस्टर युनायटेडला 1-0 ने हरवलं ती. मॅच काय खास नव्हती पण स्टेडियम लय भारी. मित्र म्हणाला हे ॲथलेटिक बिल्बाओचं ग्राउंड, ते लोक बाहेरचं पोरगं घेतच नाहीत. आमच्याकडे तालमीच्या टीमा पण सीझनला बाहेरून प्लेअर आणतात राव, मग स्पेनच्या टॉप लीगमध्ये हे जमतं कसं? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : मित्र बरोबर बोलला, थोडं अर्धवट बोलला एवढंच. बास्क भागात, म्हणजे उत्तर स्पेन आणि त्याला लागून फ्रान्सच्या ज्या पट्ट्यात बिल्बाओ आहे तिथे जन्मलेला किंवा तिथेच फुटबॉल शिकलेला, असा प्लेअर चालतो, आणि हे साधारण 1912 पासून चालू आहे, क्लबच्या घटनेत असं कुठे लिहिलेलंही नाही, नुसती रीत. म्हणजे रक्त-बिक्त बघत नाहीत. त्यांचा फॉरवर्ड इन्याकी विल्यम्स, त्याचे आईवडील घानाचे, तो जन्मला बिल्बाओत, झाला ना घरचा. डिफेंडर लापोर्त तर फ्रान्सचा, पण लहान वयात येऊन इथे तयार झाला.

गंमत म्हणजे क्लबचं नावच इंग्रजी. बिल्बाओ म्हणजे लोखंडाच्या खाणी आणि जहाजांचं गाव, तिथे कामाला आलेले इंग्रज आणि इंग्लंडात शिकून परत आलेली गावची पोरं यांनी हा खेळ रुजवला, क्लब 1898 चा धरतात. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत 1941 मध्ये इंग्रजी नाव चालणार नाही म्हणून ते जबरदस्तीने स्पॅनिश वळणाचं 'अॅतलेतिको' केलं, जुनं नाव परत यायला 1970 चं दशक उजाडलं.

जमतं कसं म्हणाल तर पहिलं लेझामा, ही त्यांची 1971 पासूनची अकॅडमी. दुसरं, पोरं विकायची वेळ आली तर पुरेपूर किंमत घेतल्याशिवाय सोडत नाहीत, 2018 मध्ये लापोर्तचे 65 आणि गोलकीपर केपाचे 80 मिलियन युरो घेतले. पण तो पैसा खर्च कुठे करणार? दुकान एकच आणि गिऱ्हाईक ठरलेलं, समोरच्याला माहीत असतं हे दुसरीकडे जाऊच शकत नाहीत, मग भाव चढणारच. शेजारच्या रियाल सोसिएदादची पण हीच रीत होती, त्यांनी 1989 मध्ये सोडली. ॲथलेटिकने नाही सोडली आणि तरी ते टॉप डिव्हिजनमधून एकदाही खाली गेलेले नाहीत, असे स्पेनमध्ये फक्त तीन, बाकीचे दोन रियाल माद्रिद आणि बार्सिलोना. मला विचाराल तर हा हट्ट आहे, पण हट्टाचा हिशोब नीट ठेवलेला आहे.

आता ग्राउंड. सान मामेस 1913 चं, लोक त्याला 'कॅथेड्रल' म्हणतात. सान मामेस म्हणजे संत मामेस, याला सिंहांपुढे टाकलं तरी सिंहांनी खाल्लं नाही अशी कथा, म्हणून प्लेअर लोकांना पण सिंह म्हणतात. तिथला पहिला गोल पिचिची या ॲथलेटिकच्याच प्लेअरने मारला, तो 1922 मध्ये तिशीच्या आतच टायफसने गेला. त्याचा अर्धपुतळा तिथे आहे आणि पहिल्यांदा खेळायला येणाऱ्या टीमचा कॅप्टन त्याला फुलं वाहतो, मला तरी ही पद्धत फायनलपेक्षा जास्त आवडते. तुम्ही बघितलं ते 2013 चं नवं स्टेडियम, साधारण 53 हजारांचं, जुन्याला अगदी खेटून बांधलं, इतकं की जुनं पाडेपर्यंत चौथी बाजू पूर्ण करता येईना, सुरुवातीला तीन बाजूंनीच खेळले. जुन्याची कमान आता लेझामाला उभी आहे.

2024 मध्ये 40 वर्षांनी कोपा देल रे, म्हणजे स्पेनचा राष्ट्रीय कप जिंकला तेव्हा प्लेअर लोकांना गाबारावर, म्हणजे नदीतल्या मालवाहू होडीवर चढवून मिरवणूक काढली, दोन्ही काठांवर माणूसच माणूस. 1984 नंतर ती होडी पहिल्यांदाच मिरवणुकीला निघाली. आणि तुमच्या त्या फायनलचं सांगायचं तर, ती आपल्याच ग्राउंडवर खेळायची म्हणून अख्खं गाव डोळे लावून बसलेलं, पण सेमीफायनलला याच युनायटेडने याच सान मामेसवर 3-0 ने धुतलं.