वादळात क्रूझ उलटेल का?

प्रश्न: आईबाबा क्रूझला निघालेत. वादळात एवढं उंच जहाज उलटणार नाही ना?

उत्तर: ती भीती सोडा. इंजिनं, इंधन, पाण्याच्या टाक्या, सगळं जड सामान तळाशी असतं, म्हणून जहाज कललं तरी परत सरळ होतं. शिवाय कप्तान हवामान बघून आधीच वाट बदलतो.

मी इंजिनरूममध्ये नोकरी केली, त्यामुळे मला काळजी इंजिनाची. ते चालू असेल तर जहाजाचं नाक लाटांकडे धरून, वेग उतरवून वादळ काढता येतं. मार्च २०१९ मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ ‘वायकिंग स्काय’ या क्रूझ जहाजाची इंजिनं भर वादळात बंद पडली. वंगणतेल कमी होतं; जहाज हेलकावलं तसं पंपांना तेल मिळेना. नांगर टाकले, तरी जहाज खडकांच्या अगदी जवळ गेलं. पावणेपाचशेच्या वर माणसं हेलिकॉप्टरने उचलावी लागली. तेलाची पातळी ही जिवाची गोष्ट आहे!

आईबाबांसाठी खालच्या मजल्यावरची, मधोमध असलेली केबिन घ्या. तिथे हेलकावे कमी लागतात.