एंजल मासा खातो, तरी वाळत चाललाय. काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरला दोन फुटी टाकी, त्यात दोन एंजल, सहा मॉली, थोडे गप्पी. एक एंजल महिन्याभरात सुकला, पोट खपाटीला गेलं, मागे पांढरी दोऱ्यासारखी शी लोंबते. दुकानदाराने निळं औषध आणि मूठभर मीठ टाकायला सांगितलं, तुम्ही दोन आठवडे टाकलंत, फरक शून्य.

निळं औषध आधी बंद करा. ते मिथिलीन ब्लू, अंगावरच्या किंवा अंड्यांवरच्या बुरशीसाठी ठीक. पोटाच्या दुखण्याला ते म्हणजे कंबर दुखते म्हणून कपाळाला बाम. वर फिल्टरच्या स्पंजमधले उपयोगी जिवाणूही त्याने मरतात, मग माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया पाण्यात चढतो आणि मूळ आजार कोणता, औषधाने झालेला कोणता, हेच कळेनासं होतं.

मीही इंदूरचीच, बावीस वर्षं टाक्या ठेवते आहे. मासा वाळायला लागला की मी पहिल्या दिवशी कुठलंच औषध देत नाही. खुर्ची ओढून टाकीसमोर बसते. तुम्हीही आज संध्याकाळी बसा. दिवा लावून दहा मिनिटं थांबा, मासे तुम्हाला विसरले की एक चिमूट खाणं टाका आणि फक्त त्या एका माशावर नजर ठेवा. तुम्ही म्हणता 'खातो', पण नक्की काय करतो? पुढे येतो का? दाणा तोंडात घेऊन गिळतो, की दोनदा चावून थुंकतो? की दुसरा एंजल त्याला हीटरमागच्या कोपऱ्यात दाबून ठेवतो आणि याच्या वाट्याला तळाशी गेलेला चुरा येतो? दोन फुटांत दोन एंजल म्हटलं की एक दादागिरी करणारा निघतोच. तसं असेल तर औषध नको, मधे जाळी घाला किंवा एकाला हलवा. पंधरा दिवसांत फरक दिसेल.

मग टाकीवर वाकून माशाकडे वरून बघा. बाजूने एंजल मुळातच थाळीसारखा चपटा, त्याचा बारीकपणा कळत नाही. वरून मात्र धडधाकट माशाचं डोक्यामागचं मांस भरलेलं दिसतं. वाळलेल्याचं डोकं मोठं आणि मागे सुरीची पाती. पाती झाली असेल तर दुखणं आठवड्याभराचं नाही, बरंच जुनं आहे.

पांढऱ्या शीबद्दल एक सांगते, कारण ती दिसली की सगळे जंत-जंत करतात. आतडं रिकामं असलं तरी नुसता चिकट स्राव पांढऱ्या दोऱ्यासारखा बाहेर येतो. दोन दिवस उपाशी मासासुद्धा तशी शी करतो. मासा खरोखर गिळतोय, तरी आठवडाभर शी पांढरी आणि अंग उतरतंय, असं तिन्ही जुळलं तरच पोटात काहीतरी आहे असं धरा.

त्याआधी पाणी. इंदूरच्या नळाला नर्मदा येते, नदीकाठच्या जलूदहून सत्तरेक किलोमीटर वर चढवलेली आणि क्लोरीन घातलेली. आमच्याकडे एक दिवसाआड येते. उन्हाळ्यात घराच्या खालच्या टाकीत बोअरिंगचं पाणी मिसळतं, कधी टँकर. आपण 'पाणी बदललं' म्हणतो, पण माशाला दर वेळी वेगळंच पाणी मिळतं. एकदम अर्ध्याहून जास्त बदलू नका, आठवड्याला चौथा हिस्सा बास. क्लोरीन मारायला हायपो, म्हणजे पूर्वी फोटो धुणाऱ्यांकडे असायचे ते खडे. बादलीला दोन-तीन बारीक दाणे पुरतात. अमोनिया मोजायचा थेंबांचा किट मिळतो, तो एवढा एक खर्च कराच. अमोनिया आणि त्यापासून पुढे बनणारं नायट्राइट, दोन्ही शून्य हवेत. पीएच ८ असेल तर तेवढाच अमोनिया पीएच ७ पेक्षा जवळजवळ दहापट विषारी पडतो, म्हणून आपल्याकडे 'थोडासा आहे' चालत नाही. आणि महिन्याला माणूस बोलावून टाकी रिकामी करून खडी-फिल्टर नळाखाली चकचकीत धुऊन घेत असाल, तर ते थांबवा. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळायचा, बस्स.

थंडीचंही बघा. डिसेंबर-जानेवारीत इथे रात्री पारा दहाच्या खाली उतरतो. हीटर नसेल तर एंजल खातो पण पचवत नाही. २६-२८ अंश ठेवा.

एवढं सगळं ठीक असून मासा वाळतोय, तर दोन संशय. एंजलमध्ये माझा पहिला संशय आतड्यातल्या सूक्ष्म परजीवींवर असतो, हेक्झामिटाच्या जातीचे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. त्यांना मेट्रोनिडाझोल, माणसांचंच औषध. पाण्यात टाकण्यापेक्षा खाण्यातून दिलेलं जास्त लागू पडतं: २०० मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव भाग, म्हणजे ५० मिलिग्रॅम, बारीक खलून ५ ग्रॅम खाण्यात. चायना ग्रास किंवा जिलेटिनच्या थोड्या पाण्यात कालवायचं, पातळ थापून फ्रिजमध्ये घट्ट करायचं आणि नखाएवढे तुकडे सात दिवस द्यायचे. कडू असतं, थुंकतात. मी लसणाचा थेंबभर रस घालते. मासा अजिबात खात नसेल तर त्याला वेगळं काढा, २०-३० लिटरचा प्लास्टिकचा टब आणि स्पंज फिल्टर पुरे. तिथे ३० लिटरला २०० मिलिग्रॅमची एक गोळी, चोवीस तासांनी चौथा हिस्सा पाणी बदलून पुन्हा, असं तीन दिवस.

दुसरा संशय तुमच्या मॉली-गप्पींमुळे येतो. त्यांच्यात लाल जंत फार, कॅमलॅनस नावाचे. हे मी पुस्तकातून नाही, हात पोळून शिकले. दुकानातून आणलेल्या आठ गप्पी तशाच मोठ्या टाकीत सोडल्या, कोण वेगळं ठेवतंय! दोन महिन्यांत माद्या काड्या झाल्या. मी खाणं वाढवत गेले, मग मीठ, मग निळं औषध, सगळं तुमच्यासारखंच. एका रात्री लाईट गेली म्हणून टॉर्च लावली, एक मादी काचेला टेकून निपचित होती आणि तिच्या शेपटीखाली तीन-चार लालबुंद टोकं, रंगाच्या ब्रशचे उरलेले केस असावेत तशी. ती हलली तशी टोकं आत गेली. दिवसा मादी पोहताना ती टोकं मला कधी दिसलीच नव्हती. तेव्हा तुम्हीही टॉर्च घेऊन रात्री बघा, एंजलपेक्षा आधी मॉलीच्या माद्या.

लाल टोकं दिसली तर लेव्हामिसोल. शेळ्या-कोंबड्यांना देतात तेच, जनावरांच्या औषधांच्या दुकानात मिळतं. लिटरला २ मिलिग्रॅम. बाटलीवर दर मिलिलिटरला किती औषध ते वाचून हिशेब करा, अंदाजे ओतू नका. टाकीतलं पाणीही मोजून घ्या: लांबी, रुंदी, पाण्याची उंची इंचांत गुणा आणि ६१ ने भागा. २४ गुणिले १२ गुणिले १० भागिले ६१, झाले ४७ लिटर. खडी-दगडांचे पाच वजा, राहिले ४२. म्हणजे ८४ मिलिग्रॅम, दुकानदार 'साठ लिटरची टाकी' म्हणतो म्हणून १२० नाही. दिवा बंद, फिल्टरमधला कार्बन (कोळसा) काढून ठेवा, चोवीस तास थांबा. या औषधाने जंत लुळे पडून बाहेर येतात, मरतीलच असं नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी तळाच्या खडीतून ते सायफनच्या नळीने ओढून काढणं हे औषधाइतकंच महत्त्वाचं. मोठा पाणीबदल करा, अर्ध्यापर्यंत. जंतांची पिल्लं राहतात, तेव्हा तीन आठवड्यांनी पुन्हा तेच सगळं. मासे धडधाकट दिसले म्हणून दुसरी खेप टाळू नका. मी टाळली होती, पाचव्या आठवड्यात लाल टोकं परत.

आणि सायफनची नळी तोंडाने ओढू नका, हे कळकळीने सांगते. पाठ वाकडी, अंगावर उघडे व्रण आणि काही केल्या न थांबणारं वाळणं, असं एकत्र दिसलं तर तो माशांचा क्षय असू शकतो. त्याचा जिवाणू, मायकोबॅक्टेरियम मरायनम, हातावरच्या जखमेतून माणसालाही गाठी आणतो. त्यावर घरी भरवशाचा इलाज नाही. जखम असेल तर हातमोजे घाला, आणि तसा मासा टाकीत ठेवू नका, पिपल्यापाळ्याच्या तलावात तर मुळीच सोडू नका.

खाण्याचं शेवटी, पण ते कमी महत्त्वाचं नाही. सुट्या पुड्यांतल्या लाल-हिरव्या गोळ्या दुकानात किती महिने उघड्या पडल्या होत्या देव जाणे. बंद छोटा डबा घ्या, उघडल्यावर तीनेक महिन्यांत संपवा. जिवंत ट्युबिफेक्स, म्हणजे चिखलातल्या बारीक अळ्या, मी बंदच केल्या, गटारातला आजार आपणच विकत आणायचा कशाला? गोठवलेले ब्लडवर्म, सालं काढून उकडलेला वाटाणा, दिवसातून चार वेळा चिमूट-चिमूट. वाळलेल्या माशाला एकदम भरपेट देऊ नका. आणि पाहुणे आले की टाकीवर नजर ठेवा. इंदूरकर पोह्यांवरची शेव कुठेही टाकू शकतो, माझ्या टाकीत दोनदा पडलेली आहे.

पोट आठ-दहा दिवसांत भरलेलं दिसेल, डोक्यामागचा खळगा भरायला दीड-दोन महिने लागतात. अमोनियाचा आकडा आणि एंजलचा वरून काढलेला फोटो इथे टाका, मग परजीवी की दादागिरी ते बघू.