बारा लाखांचं एचआर आणि अंगणातला टिपर

बारावीचे निकाल लागून गेले, पदवीचे लागायचे असतात, त्या दिवसांत गोव्यातल्या म्हापशात माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, एचआरमध्ये, म्हणजे मनुष्यबळ व्यवस्थापनात, एमबीए करू का? घातलेले पैसे वसूल होतील?" विचारणारी मुलगी बहुधा बी.कॉम. किंवा बीबीए झालेली. "मला माणसांशी बोलायला आवडतं" हे कारण ठरलेलं. आईवडिलांपैकी कुणी सोबत असलं तर मोबाइलवर फीचं पान आधीच उघडून ठेवलेलं असतं.

हा प्रश्न मी हिशेबनीसाकडे ढकलत नाही. माझी घडण कुटुंबाबरोबर काम करणाऱ्यांच्या हाताखाली झाली. एकटीचा म्हणून समोर आलेला निर्णय क्वचितच एकटीचा असतो, असं मी मानते. त्यामुळे खोलीत कोण आलंय याच्याइतकंच कोण आलेलं नाही, याकडेही माझं लक्ष असतं.

समिधाचं उदाहरण सांगते. नाव खरं नाही, आणि ओळख पटू नये म्हणून दोन-तीन मुलींचे तपशील एकत्र केलेत. डिचोली तालुक्यातली, तेवीस वर्षांची. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात एचआर विभागात कंत्राटावर, पगार अठरा हजार. पुण्याच्या एका संस्थेत प्रवेश मिळत होता. फी नऊ लाख, राहणं-जेवण धरून बारा. आई सोबत होती. वडील खाली स्कूटरपाशी थांबले होते.

पहिल्या भेटीत मी कोरा कागद पुढे केला. हिशेबाला पोरगी पक्की निघाली. बारा लाख, दहा टक्के व्याज, दहा वर्षं: महिना हप्ता १५,८५८ रुपये, म्हणजे एकूण फेड एकोणीस लाखांच्या वर. शिकतानाच्या काळातलं व्याज वेगळं. दोन वर्षं नोकरी सोडायची म्हणजे ४,३२,००० रुपयांच्या पगारावर पाणी, हे मात्र तिने धरलं नव्हतं. बहुतेक कुणीच धरत नाही.

"आणि नंतर मिळणार किती?"

"माहितीपत्रकात सरासरी आठ लाख लिहिलंय."

"कुणाची सरासरी? सगळ्या बॅचची की फक्त एचआरवाल्यांची? हातात येणारे की सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च?"

ती हसली. "मॅडम, हे तर मी रोज दुसऱ्यांच्या ऑफर लेटरमध्ये करते." कंपनीच्या वाट्याचा बारा टक्के पीएफ, ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के, विम्याचा हप्ता, सगळं वर्षाच्या आकड्यात कोंबायचं आणि आकडा फुगवून समोर ठेवायचा. दुसऱ्याच्या पत्रात तिला जे सहज दिसायचं, ते स्वतःच्या माहितीपत्रकात दिसलं नव्हतं. पुढच्या खेपेला ती त्या संस्थेतून बाहेर पडलेल्या दोघींशी बोलूनच आली. एचआरचा मधला आकडा सरासरीपेक्षा बराच खाली होता, हातात येणारी रक्कम आणखी खाली.

तरीही हिशेब जमत होता. ओढाताण झाली असती, पण जमत होता. अर्ज मात्र अर्धा भरून पडला होता आणि मुदत जवळ येत होती.

"मग अडलंय कुठे?"

"माहीत नाही. नको वाटतं."

मी आईकडे वळले. "घरात शेवटचं मोठं कर्ज कधी काढलं होतं?"

आईने आधी मुलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "टिपरासाठी."

गोव्याच्या खाणपट्ट्यातल्या डिचोली, सत्तरी, सांगेच्या वाचकांना पुढचं सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. खनिज वाहतुकीसाठी या पट्ट्यात घरोघरी कर्जावर टिपर, म्हणजे मागचा हौदा उचलून माल ओतणारे ट्रक, घेतले गेले. २०१२च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या. मध्ये काही काळ सुरू झाल्या, आणि २०१८च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाण-लीजचं नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा ठप्प. खाण थांबली तरी बँकेचा हप्ता थांबत नाही. समिधाच्या बाबांचा टिपर अंगणात उभा राहिला, चाकांवर वेल चढले. पाचवी-सहावीतली समिधा त्याच्या केबिनमध्ये बसून गृहपाठ करायची. शेवटी तो भंगाराच्या भावाने गेला.

तिसऱ्या भेटीला मी बाबांना वर बोलावलं.

"मी तिला नको म्हटलंच नाही," ते म्हणाले. "शिक म्हणतो."

"तोंडाने म्हणता," समिधा म्हणाली. "बँकेत सहीला यायचं म्हटलं की दोन दिवस जेवत नाही तुम्ही."

बरंच थांबून ते बोलले. "बाय, त्या टिपराला दुसरं कामच नव्हतं. होतं ते सगळं खाणीवर. आणि विकायला काढला, तर सगळ्यांनीच काढलेले. घेणार कोण?"

एखादा उत्साही समुपदेशक इथे 'जुनं विसरा, पुढे पाहा' म्हणाला असता. मी तसं करत नाही, आणि या घराच्या बाबतीत तर ते चुकीचंच ठरलं असतं. कारण बाबांच्या त्या दोन वाक्यांत भीतीबरोबर फार कामाची अक्कल होती. एकाच ठिकाणी चालणारी वस्तू कर्जाने घेऊ नये. सगळे घेत असताना घेतली, तर मोडताना भाव मिळत नाही. बारा वर्षं त्या घराने हे कुणाशी बोलून दाखवलं नव्हतं, म्हणून ते पोटात गोळा होऊन बसलं होतं. बोलल्यावर त्याची कसोटी झाली. मी बाबांना विचारलं, "मग ही पदवी टिपरासारखी आहे का? तुम्हीच तपासा की."

त्यापुढचा तास माझ्या कामातल्या चांगल्या तासांपैकी एक. बाप प्रश्न विचारत होता, लेक उत्तरं देत होती, आणि मी जवळजवळ गप्प होते.

"हे काम कुठे कुठे चालतं?" वेर्ण्याच्या औषध कंपन्यांत, कुंडईत, पिळर्णला, किनाऱ्यावरच्या हॉटेलांत. "हॉटेलं मंदावली तर?" मग नुसती भरती करणारे आधी घरी जातात. "राहतो कोण?" इथे समिधा थोडी थांबली. पगारपत्रक, पीएफ आणि ईएसआय म्हणजे कामगार विम्याचं चलन, कंत्राटदारांचे कामगार, अपघाताचे कागद, संघटनेशी बोलणी, हे ज्याला येतं तो राहतो. आणि ते काम औषधांच्या कारखान्यातलं असो की बाटल्यांच्या, फारसं बदलत नाही.

या उत्तरामागे कायदाही आहे. १९४८च्या कारखाना कायद्यात पाचशे किंवा जास्त कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार कामगार संहितांनी जुने २९ कायदे पोटात घेतले, आणि ही मर्यादा अडीचशेवर आली. म्हणजे जुनं पाठ असलेल्यांनाही नव्याने शिकणं आलं. माझं मत विचाराल तर गोव्यात एचआर करणाऱ्याने 'माणसांची आवड' थोडी बाजूला ठेवून कामगार कायदा आणि वेतनाचा हिशेब पक्का करावा. आवड मुलाखतीत सगळेच सांगतात.

पदवीच्या नावाचं काय, हे लगेच विचारलं जातं. नावाला किंमत आहे, पण ती पहिल्या कॅम्पस नोकरीपुरती जास्त. एचआरसाठी नावाजलेल्या जमशेदपूरच्या एक्सएलआरआय किंवा मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची गोष्ट वेगळी, तिथे मिळत असेल तर कर्जाचा विचार धीटपणे करा. नाव फारसं कुणी न ऐकलेल्या संस्थेला त्याच तोडीची फी देताना मात्र दहादा विचार करा. ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठातही एमबीए आहे, आणि त्याची फी समिधाच्या कागदावर लिहिल्यावर हप्त्याचा आकडा इतका उतरला की बाबांनी कागद स्वतःकडे ओढून पुन्हा पाहिला.

"मग पुणेच का?" मी समिधाला विचारलं. ती लाजली. "घराबाहेर राहायचं होतं." हेही कारण खरं आणि रास्त. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी कुणाला नको असतं? पण ते हिशेबात उघड लिहावं. बारा लाखांतले किती पदवीसाठी आणि किती मोकळ्या हवेसाठी, हे दिसलं की मोकळी हवा पुण्यातल्या एखाद्या साध्या नोकरीनेही मिळू शकते, हे सुचतं.

तिने पुण्याचा अर्ज सोडला. वर्षभर कुंडईतच राहिली, पण साहेबांकडून कंत्राटी कामगारांच्या कागदपत्रांचं काम मागून घेतलं. आता ती ताळगावला शिकते. कर्ज आहे, पण छोटं. बँकेत सहीला बाबा गेले आणि येताना जेवूनही आले, हे आईने फोनवर आवर्जून सांगितलं.

प्रत्येकीने नोकरीच करावी किंवा स्वस्तच घ्यावं, असं माझं म्हणणं नाही. एकीला मी महागड्या संस्थेत जायला पाठिंबा दिलाय, कारण तिथून तिला हव्या त्या कंपन्या खरोखर येत होत्या आणि घरावर जुनं ओझं नव्हतं. पण ज्यांनी एचआरच्या टेबलावर एक दिवसही काढलेला नाही, त्यांनी आधी सहा महिने ॲप्रेंटिस म्हणून तरी बसावं. महिन्याच्या शेवटी ओव्हरटाइमचे आकडे जुळवताना कंटाळा आला, तर पुढचे लाख वाचले. कर्ज काढण्याआधी गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्जयोजनेच्या अटी वाचा. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची प्राप्तिकरातली सूट आठ वर्षं मिळते, तीही जुनी करप्रणाली निवडली तरच, हे बँकेतला माणूस नेहमी सांगतोच असं नाही. आणि वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांना हात लावायचा विचार असेल, तर तो वडिलांसमोर बोला, त्यांना खाली स्कूटरपाशी ठेवून नको.

भेटीसाठी येणार असाल तर एप्रिलमध्येच या. अर्जाची मुदत उद्या संपते म्हणून आज धावत आलेल्या घराबरोबर मला फक्त हप्ताच मोजता येतो.