खुर्ची मिळेल, पण ती सांभाळणार कोण?

किनारे दिव्यांगांसाठी सुगम करण्याबद्दल, विशेषतः वाळूवर चालणाऱ्या व्हीलचेअरबद्दल, दर हंगामात तेच गैरसमज माझ्याकडे येतात, म्हणून यावेळी काही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

घरच्याच व्हीलचेअरला जाड टायर लावले तर पुळणीवर चालेल का? (चिपळूण)

नाही. पुढची छोटी चाकं आधी रुततात आणि खाऱ्या पाण्याने बेअरिंग गंजतं. पुळणीच्या खुर्चीला कमी हवेची, फुग्यासारखी रुंद चाकं आणि न गंजणारा सांगाडा लागतो.

एक विक्रेता 'ब्लू फ्लॅग मान्यताप्राप्त' बीच व्हीलचेअर विकतो आहे. घ्यावी का? (अलिबाग)

ब्लू फ्लॅग हे आंतरराष्ट्रीय मानांकन किनाऱ्याला मिळतं, खुर्चीला नाही. जो पहिल्याच वाक्यात खोटं बोलतो, त्याच्याकडून काहीही घेऊ नका. दुसऱ्या कुणाकडून घेतानाही खुर्ची तुमच्याच किनाऱ्यावर, कोरड्या वाळूत, माणूस बसवून चालवून दाखवायला सांगा. सुटी चाकं किती दिवसांत मिळतील, हे लेखी घ्या.

आमच्या ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातून दिव्यांगांसाठी राखलेल्या ५ टक्के निधीतून खुर्ची घेता येईल का? सदस्य म्हणतात, तो पैसा फक्त वाटायचा असतो. (दापोली तालुका)

'म्हणतात' यावर ठराव करू नका. या निधीतून वैयक्तिक लाभाबरोबर सामूहिक सोयींचाही विचार होतो. तुमच्या प्रस्तावाबद्दल गटविकास अधिकाऱ्यांकडून लेखी उत्तर घ्या. पण आधी गावातल्या दिव्यांगांची बैठक बोलवा. कुणाला कुबड्या हव्या असतील, कुणाच्या घराला उतार नसेल. त्यांच्या हक्काच्या पैशातून पर्यटकांसाठी खुर्ची घेणं मला पटत नाही. ती खुर्ची गावातल्यांनाही समुद्रापर्यंत नेणार असेल आणि त्यांनीच मागितली असेल, तर मात्र जरूर घ्या.

एक कंपनी ३ डिसेंबरच्या दिव्यांग दिनाला दोन खुर्च्या देते आहे. अट एकच, पाठीवर त्यांच्या उत्पादनाची जाहिरात. पगारासाठी सीएसआरचा (कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चाचा) पैसा देता येत नाही, असंही ते म्हणतात. काय करावं? (रत्नागिरीतील एक संस्था)

सविस्तर उत्तर देतो, कारण सगळं घोडं इथेच पेंड खातं.

खुर्ची येते, फीत कापली जाते, फोटो छापून येतो. मग खुर्ची कुणाच्या तरी गोदामात जाते आणि किल्ली रविवारी रजेवर असलेल्या माणसाकडे असते. पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत कुणी वडिलांना घेऊन येतो, तेव्हा टायरमध्ये हवा नसते. वडील गाडीत बसूनच समुद्र बघतात. या प्रसंगाचा मला फार राग आहे, कारण तो पूर्णपणे टाळता येतो.

आता नियम. उत्पादनाच्या जाहिरातीच्या फायद्यासाठी केलेलं प्रायोजकत्व सीएसआर खर्चात धरलंच जात नाही. अट त्यांच्याच अंगाशी येईल, हे त्यांना नम्रपणे सांगा. खुर्चीसारखी मालमत्ता कंपनीने आपल्या नावावर ठेवायची नसते. ती नोंदणीकृत धर्मादाय संस्थेकडे, लाभार्थींच्या गटाकडे किंवा नगरपरिषदेसारख्या सार्वजनिक यंत्रणेकडे जाते. संस्थेकडे सीएसआर-१ या सरकारी अर्जाने मिळणारा नोंदणी क्रमांक हवा. १ एप्रिल २०२१ पासून तो सक्तीचा आहे.

पगाराबद्दलची समजूत चुकीची आहे. सीएसआर खर्चाच्या ५ टक्क्यांची मर्यादा आहे, ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चाला. प्रकल्प प्रत्यक्ष चालवायला लागणारा खर्च त्यात येत नाही. शिवाय कंपनी चालू प्रकल्प म्हणून सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत पैसे देऊ शकते. मग दोन खुर्च्या कशाला मागता? एक खुर्ची, चाकं रुतू नयेत म्हणून वाळूवर पसरायची, गुंडाळता येणारी एक चटई, ऑक्टोबर ते मे दोन प्रशिक्षित मदतनीस, सुटे भाग, गोड्या पाण्याने धुण्याची सोय आणि किनाऱ्यालगत कुलूपबंद खोली मागा. मदतनीस गावातलेच घ्या. त्यांना भरतीची वेळ पाठ असते.

आणि फेब्रुवारीत अर्ज करू नका. मार्चअखेरीस शिल्लक पैसा संपवण्याच्या घाईत फक्त वस्तू मिळतात. करारावर सही करण्याआधी सनदी लेखापालाला दाखवा.

आम्ही न्यू जर्सीतले मराठी लोक वर्गणी काढून आजोळच्या गावी खुर्ची पाठवू इच्छितो. थेट पाठवू का?

थांबा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी अंशदान (परदेशातून आलेला, कायद्याने नियंत्रित पैसा किंवा वस्तू) ठरत नाही. ओसीआय कार्डधारकाची (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाची) किंवा अमेरिकेत नोंदलेल्या मंडळाची देणगी मात्र ठरते, आणि संस्थेला पाठवलेली वस्तूही त्यात येते. घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए या विदेशी अंशदानाच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आहे का, हे आधी पाहा. नाहीतर तुमच्या चांगुलपणाचा त्रास गावातल्या संस्थेला होईल.

सीआरझेडमुळे, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या निर्बंधांमुळे, वाळूवर काहीच ठेवता येत नाही ना? मग चेन्नईसारखा लाकडी मार्ग कसा करायचा? (मुरुड)

खणून उभारलेलं बांधकाम आणि संध्याकाळी गुंडाळून नेता येणारी चटई यात फरक आहे. तरीही चटईसाठी स्थानिक स्वराज्य संस्था आणि मेरीटाईम बोर्डाला लेखी विचारा. कायमचा मार्ग हवा असेल, तर सागरी किनारा व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जावं लागेल.

चेन्नईच्या मरीनावरचा २६३ मीटर लांबीचा मार्ग २७ नोव्हेंबर २०२२ रोजी खुला झाला. खर्च सुमारे १ कोटी १४ लाख. दोन आठवड्यांच्या आतच मांडूस चक्रीवादळात त्याचं नुकसान झालं. मार्ग करूच नये, असा याचा अर्थ नाही. दुरुस्तीचा पैसा पहिल्याच अंदाजपत्रकात हवा, इतकाच आहे.

तुमच्या किनाऱ्यावर तर ओहोटीला ओली वाळू इतकी घट्ट होते की घोडागाडी धावते. अडचण सुरूच्या बनापासून भरतीच्या रेषेपर्यंतच्या भुसभुशीत पट्ट्याची आहे. तेवढाच पट्टा मोजा, तेवढीच चटई मागा. कासवांच्या विणीच्या काळात ती रात्री पसरून ठेवू नका. वनखात्याशी आधी बोला.

भावाला मणक्याची दुखापत आहे. तरंगत्या खुर्चीतून पाण्यात न्यावं का? (पुणे)

त्याच्या डॉक्टरांनी तपासल्याशिवाय नाही. अंगावर दाबाची जखम (बेडसोर) असेल, तर अजिबात नाही. परवानगी मिळाली तरी लाईफ जॅकेट, जीवरक्षक आणि शांत समुद्र, तिन्ही हवेत. संवेदना नसलेल्या पायांना तापलेल्या वाळूचा चटका कळत नाही, म्हणून पाय झाकून न्या.