'अंगावर काढणे' आणि 'कळ काढणे'

एका ताईंनी प्रश्न पाठवला आहे. त्यांना दर महिन्याला पाळीच्या आदल्या दिवसापासून दोन-तीन दिवस डोकं दुखतं. एक बाजू ठणकते, उजेड नकोसा होतो, मळमळतं. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आहे. ती घेतली की तासाभरात त्या उठून कामाला लागतात. त्यांच्या यजमानांना हे पटत नाही. "ऊठसूट गोळ्या खाऊ नकोस, सवय लागेल. आमच्या आईने सगळं अंगावर काढलं," असं त्यांचं म्हणणं. बोलता बोलता वाद भाषेवर गेला. यजमान म्हणतात, 'अंगावर काढणे' हे मराठीत कौतुकाने बोलतात. ताई म्हणतात, ही तक्रार आहे, हळहळ आहे. खरं कोणाचं? शिवाय 'हॉर्मोनल हेडेक'ला मराठीत काय म्हणायचं आणि 'अर्धशिशी'तली कोणती शि ऱ्हस्व, हेही त्यांनी विचारलं आहे.

आधी वादाचं. ताई, तुमचं बरोबर आहे.

दरवर्षी पावसाळा लागला की वर्तमानपत्रांत आणि दवाखान्यांच्या भिंतींवर एक वाक्य हमखास दिसतं: 'ताप अंगावर काढू नका.' डेंग्यू, लेप्टो, मलेरिया, काहीही असो, वाक्य तेच. हा वाक्प्रचार मराठीत कुठे राहतो, ते या एका वाक्यात दिसतं. तो एक तर नकारात येतो ('काढू नका', 'काढू नकोस'), नाही तर भूतकाळात, जेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसतं: 'वर्षभर खोकला अंगावर काढला, दाखवलं तेव्हा उशीर झाला होता.' आता तोच होकारी आज्ञार्थात म्हणून बघा: 'तू हे दुखणं अंगावर काढ.' कानाला खटकतं ना? मराठीत असं कोणी कोणाला सांगत नाही. आधी कोणी सांगत नाही आणि नंतर त्याबद्दल हळहळ व्यक्त होते, अशा गोष्टीला कौतुकाचा शब्द कसं म्हणणार? 'सासूबाईंनी सगळं अंगावर काढलं' या वाक्यात आदर असेल, पण तो त्या माउलीबद्दलचा आहे. वाक्प्रचारात आहे ती खंत.

या रचनेतला 'काढणे' मात्र थांबून बघण्यासारखा आहे. इथे तो बाहेर काढण्याचा नाही. 'दिवस काढले', 'रात्र जागून काढली', 'एवढा उन्हाळा काढला की झालं', यांतला आहे. कठीण काळ कसाबसा पार करणं, असा त्याचा अर्थ. दुखणं येतं, मुक्काम करतं, जातं. ते जाईपर्यंतचा काळ औषधावर न काढता अंगावर काढायचा. म्हणजे त्याचा सगळा भार देहावर टाकायचा.

आता याच क्रियापदाचं दुसरं रूप पाहा. 'तिने सासऱ्यांचं आजारपण काढलं.' 'नणंदेचं बाळंतपण काढलं.' इथेही काळ पार करणंच आहे, पण दुसऱ्याचा, आणि त्याच्या उशाशी बसून. औषधाच्या वेळा सांभाळून, रात्री उठून, पेज-पाणी करून. आजारपण काढणं म्हणजे शुश्रूषा. हा शब्द मला मराठीचं वैभव वाटतो, कारण दुसऱ्याचं दुखणं आपण त्याच्याबरोबर पार केलं हे त्यात एका क्रियापदात येतं. आणि इथेच मला अस्वस्थ व्हायला होतं. जिने घरातल्या सगळ्यांची आजारपणं काढली, तिच्या स्वतःच्या दुखण्याच्या वाक्यात तेच क्रियापद येतं, पण उशाशी कोणी नसतं. तिथे फक्त तिचं अंग असतं. माझ्या आईबद्दल मी दोन्ही वाक्यं लहानपणी ऐकली आहेत. आजीचं आजारपण तिने काढलं आणि स्वतःचं डोकं अंगावर काढलं. महिन्याचे ते दोन दिवस ती कपाळावर सुंठ उगाळून लावायची, वरून फडकं घट्ट बांधायची आणि स्वयंपाक करायची. आम्ही विचारलं तर म्हणायची, पित्त आहे.

तुमच्या यजमानांना जो शब्द हवा होता, तो बहुधा दुसराच आहे: 'कळ काढणे'. कळ म्हणजे दुखण्याची सणक. पोटात कळ येते, मस्तकात कळ जाते. 'जरा कळ काढ' हा होकारी आज्ञार्थ मात्र मराठीत सर्रास चालतो. इंजेक्शन देताना नर्स म्हणते, काटा काढताना आजोबा म्हणतात, एसटीत बाळाला भूक लागली की आई म्हणते. (भांडण उकरणे या अर्थाची 'कळ काढणे' वेगळी. तिचा इथे संबंध नाही.) पण ही 'कळ काढ' एकटी कधी येत नाही. तिच्याबरोबर 'जरा', 'थोडी', 'एवढं होईपर्यंत', 'घर येईपर्यंत' असं काहीतरी येतंच. तिला मुदत असते, आणि सांगणारा काहीतरी करत असतो. काटा काढत असतो, डबा उघडत असतो. 'कळ काढ' म्हणणाऱ्याचा हात कामात असतो. 'अंगावर काढणे'ला अशी मुदत नाही आणि त्यात दुसऱ्या कोणाचा हातही नाही. दोन वाक्प्रचारांत हा जो फरक आहे, त्यात तुमच्या घरातला वाद जवळजवळ पूर्ण मावतो. गोळीचा गुण येईपर्यंत अर्धा-पाऊण तास जातो. तेवढा वेळ अंधार करून देणं, मुलांना बाहेर नेणं, कुकर लावणं आणि मग म्हणणं, 'जरा कळ काढ' हे मराठीत शोभतं.

त्यांच्या वाक्यातले बाकीचे शब्दही बघू, कारण नाराजी खरी तिथे आहे. 'गोळ्या खाऊ नकोस.' औषध आपण घेतो. गोळीही घेतो. 'खाते' आलं की बोलणाऱ्याचा सूर बदलतो: 'सारख्या गोळ्या खात असते'. नागपूरकडे 'गोळी खाल्ली' हे अगदी साधं बोलणं आहे, तिथे हा सूर असेलच असं नाही. पण पुण्या-मुंबईकडच्या बोलण्यात 'घेणे' सोडून मुद्दाम 'खाणे' वापरलं जातं, तेव्हा त्यात खा-खा ऐकू येते. 'ऊठसूट' म्हणजे कारण असो-नसो, केव्हाही. महिन्यातल्या ठरावीक दोन-तीन दिवसांना ऊठसूट म्हणता येत नाही. तो शब्द इथे चुकला.

आणि 'सवय लागेल'. मराठीत सवय होते, सवय लावून घेतात आणि सवय लागते. चष्म्याची सवय होते. पहाटे उठायची सवय लावून घेतात. 'लागेल' म्हटलं, आणि तेही भीतीच्या सुरात, की शेजारी तंबाखू-दारू येऊन बसतात. तरीही हा मुद्दा मी झटकून टाकणार नाही, कारण यजमानांच्या काळजीत एक खरी गोष्ट आहे. डोकेदुखीच्या गोळ्या फार दिवस, फार वेळा घेतल्या तर त्यांच्यामुळेच डोकं दुखू लागतं. वैद्यकात हे वेगळं निदान आहे. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याची मर्यादा दिली आहे: पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन यांसारख्या साध्या वेदनाशामकांसाठी महिन्यातले 15 किंवा अधिक दिवस, ट्रिप्टान वर्गातल्या (खास अर्धशिशीवरच्या) किंवा एकाहून अधिक वेदनाशामकं एकत्र असलेल्या मिश्र गोळ्यांसाठी 10 किंवा अधिक दिवस, आणि हे तीन महिन्यांहून जास्त काळ. तुमचे दिवस तीन. त्यामुळे त्यांची भीती खोटी नाही, पण तुमच्या बाबतीत हिशेब चुकला आहे. कोणती गोळी, किती, जेवणानंतरच का, हे डॉक्टरांनाच विचारावं. दमा, जठरातला व्रण, मूत्रपिंडाचा त्रास किंवा गर्भारपण असेल तर आयब्युप्रोफेनच्या जातीच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत. आणखी एक: अशा डोकेदुखीत गोळी सुरुवातीलाच घेतली तर जास्त गुण येतो. ठणका चढू देऊन, अगदीच असह्य झाल्यावर घेणं म्हणजे गोळीही पोटात जाते आणि दुखणंही अंगावर निघतं.

मला नवल वाटतं ते बामचं. अमृतांजन 1893 मध्ये मुंबईत निघालं आणि तेव्हापासून मराठी घरांत त्याच्या बाटलीला कोणी नावं ठेवल्याचं मी ऐकलेलं नाही. बाम चोळणं, लेप लावणं, डोकं बांधणं सगळ्यांना चालतं. आपली भाषा औषधांचे दोन भाग पाडते, वरून लावायचं आणि पोटात घ्यायचं. वरून लावलेलं सगळ्यांना दिसतं, त्याला वास असतो, कपाळाला बांधलेलं फडकं दिसतं. ती दुखण्याची खूण असते. गोळी घेऊन बरं वाटलेल्या बाईकडे अशी खूण उरत नाही. ती हसते, डबे भरते. मग बघणाऱ्याला वाटतं, फार दुखत नसणारच.

याला भाषेचाही थोडा हातभार आहे. 'डोकेदुखी' हा शब्द आपण इतक्या ठिकाणी वापरला की त्यातलं दुखणं विरून गेलं. वाहतुकीची कोंडी डोकेदुखी, शेजाऱ्याचा कुत्रा डोकेदुखी. 'डोकं उठलं', 'कपाळ उठलं', 'मस्तकशूळ' हे सगळे वैतागाकडे झुकले. बाई म्हणते 'माझं डोकं उठलंय' आणि घर विचारतं, 'का, काय झालं चिडायला?' म्हणून माझी सूचना अशी की त्या दिवशी हे शब्द टाळा. ठणकतंय, घण पडतायत, एक बाजू फुटतेय, उजेड सहन होत नाही, असं म्हणा. या शब्दांना दुसरा अर्थ नाही. 'वेदना' हा शब्दही विसरू नका. तो संस्कृत 'विद्'वरून आला, जाणणे या अर्थाच्या. वेद, विद्या त्याच धातूचे. वेदना म्हणजे जी ज्याची त्याला जाणवते. बौद्ध ग्रंथांत तर सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली, अशा तिन्ही जाणिवांना वेदनाच म्हणतात. आणि 'निवेदन' त्याच धातूचं: दुसऱ्याला जाणवून देणं. किती दुखतं हे यजमानांना बाहेरून दिसणार नाही, ते तुम्ही सांगाल तेवढंच. आणि तुम्ही सांगितलेलं खरं मानणं, एवढं त्यांच्या हातात आहे.

आता 'हॉर्मोनल हेडेक'. 'हॉर्मोन' हा शब्द अर्न्स्ट स्टार्लिंग या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने 1905 मध्ये रूढ केला, चालना देणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून. आपला 'संप्रेरक' नेमका तोच अर्थ धरतो, म्हणून मला तो पाठ्यपुस्तकी शब्दांतला एक चांगला शब्द वाटतो. लेखात 'संप्रेरकांमुळे होणारी डोकेदुखी' लिहा. 'संप्रेरकजन्य शिरोवेदना' लिहू नका, दुखणाऱ्या डोक्याला तो झेपणार नाही. घरात मात्र 'पाळीची डोकेदुखी' म्हणा, आणि डॉक्टरांनी मायग्रेन सांगितलं असेल तर 'पाळीची अर्धशिशी'. कारणही त्या नावात येतं: पाळीच्या तोंडावर शरीरातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक झपाट्याने उतरतं, त्या उताराबरोबर ही डोकेदुखी येते. पाळीच्या आधीचे दोन दिवस ते पाळीचा तिसरा दिवस, हा तिचा ठरलेला काळ. ज्या घरात 'पाळी' शब्द मोठ्याने उच्चारत नाहीत, 'अडचण आहे' म्हणतात, तिथे हे नाव कसं रुजणार, हे मला ठाऊक आहे. पण आईच्या 'पित्ता'ने काय केलं बघा. उलटी झाली की डोकं उतरतं, म्हणून ते पित्त. पित्त म्हणून आमसुलाचं सार आणि मोरावळा. दर महिन्याला तीच तारीख मागेपुढे येते आहे, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नाही, कारण नावाने तिला पोटाकडे बघायला लावलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळीची खूण आपण करतोच, तिच्याशेजारी डोकं दुखलेल्या दिवशी एक टिंब द्या. तीन महिन्यांत डॉक्टरांना दाखवण्यासारखं काहीतरी हाताशी येईल, आणि यजमानांनाही.

'अर्धशिशी'चं सोपं आहे. अर्ध आणि शीर्ष, अर्धं डोकं. सुश्रुतसंहितेत शिरोरोगांमध्ये 'अर्धावभेदक' आहे, अर्ध्या डोक्याचा भेद करणारा. 'मायग्रेन'ही ग्रीक 'हेमिक्रानिया'चं झिजलेलं रूप, म्हणजे पुन्हा अर्धी कवटीच. मूळ शब्दात 'शी' दीर्घ असली तरी 'अर्धशिशी' हा घडून मराठी झालेला शब्द आहे, म्हणून मराठीचा नियम लागतो: शेवटची शी दीर्घ, तिच्या आधीची शि ऱ्हस्व. अर्धशिशी, अर्धशिशीचा, अर्धशिशीने. औषधाच्या शिशीशी तिचा काही संबंध नाही. लहानपणी मला मात्र वाटायचं की अर्धी शिशी औषध लागतं म्हणून हे नाव पडलं असेल.