एवढं शिकून गटारात हात घालायचा का?

ताई नमस्कार,
मुलगी सांगलीला बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, कंपोस्टेबल, म्हणजे कुजून खत होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि सांडपाण्याचा गाळ एकत्र कुजवून बायोगॅस काढायच्या कामातच पुढे जायचं म्हणतेय आणि घरात सगळे वरचाच प्रश्न विचारतायत, असं तुम्ही लिहिलंय.

सरळच सांगते. विषय चांगला आहे, पण नुसत्या प्लास्टिकच्या भरवशावर नोकरी शोधू नका. आपल्याकडे ती पिशवी मुळात वेगळी गोळाच होत नाही, मग प्लांटवर पोचणार कुठून? ते काम सध्या जास्त करून लॅबमधलं. पण त्यामागची विद्या, म्हणजे हवा बंद करून सूक्ष्मजीवांकडून मिथेन काढून घेणं, तिला तुमच्याच भागात मागणी आहे. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत स्पेंटवॉशवर, म्हणजे दारू गाळून उरलेल्या सांडपाण्यावर, बायोगॅस प्लांट कितीतरी वर्षं चालतायत आणि 2018 ला केंद्राची ‘सतत’ (SATAT) नावाची योजना आल्यापासून प्रेसमडपासून (उसाचा रस गाळून उरलेली मळी) सीबीजी, म्हणजे दाबून भरलेला बायोगॅस, करायचे प्लांटही उभे राहतायत.

तिला एक विचारून बघा, पीएलएचा चमचा आणि पीएचबीची फिल्म (ही दोन्ही कुजणारी प्लास्टिकं) 37 डिग्रीच्या डायजेस्टरमध्ये, म्हणजे गाळ कुजवायच्या बंद टाकीत, टाकली तर काय होईल? पीएचबी काही आठवड्यांत जिवाणू खाऊन टाकतात, पीएलए मात्र बराचसा तसाच राहतो, त्याला 55 च्या आसपास तापमान लागतं, आणि गाळ टाकीत साधारण 20-30 दिवसच राहतो म्हणजे चमचा चमचाच बाहेर येणार आणि वर पंप चोक करणार. पिशवीवरचा कंपोस्टेबल शिक्का सहसा 58 डिग्रीच्या टेस्टवरचा असतो हे कुणी सांगत नाही! गाळात नायट्रोजन भरपूर, या प्लास्टिकमध्ये कार्बन भरपूर पण नायट्रोजन नाही, म्हणून जोडी जमते खरी, पण खाऊ जास्त झाला की आम्लं साचतात, पीएच उतरतो, मिथेनवाले सूक्ष्मजीव संप करतात. डायजेस्टर आंबला असं म्हणतात त्याला. अशा वेळी मायक्रोबायोलॉजीवालं माणूस हाताशी असलं की फरक पडतो. तिने हे सगळं स्वतःहून सांगितलं तर आवड खरी आहे समजा.

आता करायचं काय. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला बीएमपी टेस्ट (कशातून किती मिथेन निघू शकतो ते बघायची) घ्यावी, हवाबंद बाटल्यांत गाळ आणि पिशवीचे तुकडे घालून महिना-दीड महिना गॅस मोजायचा, कॉलेजच्या लॅबमध्ये होण्यासारखं आहे आणि मुलाखतीला बोलायला मुद्दा मिळतो. गाळ एसटीपीवरून, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रावरून, सरांच्या पत्राने मागून आणावा. मग एमएस्सी, आयआयटीत करायची तर जॅम या प्रवेश परीक्षेचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर आहे. एमएस्सीच्या डेझर्टेशनसाठी पुण्याची आघारकर संशोधन संस्था किंवा नागपूरचं नीरी (पर्यावरण संशोधन संस्था), दोन्हीकडे विचारून बघावं. पीएचडीचं मात्र आत्ताच ठरवू नका, आधी वर्षभर प्लांटवर काम करू दे, वास आणि शिफ्ट झेपते का ते तिथेच कळतं.

सेफ्टीचं विचारलंत ते बरं केलंत, त्यावर कुणी बोलत नाही. या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो, थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होऊन वासच येईनासा होतो, म्हणून वास नाही म्हणजे धोका नाही असं धरायचं नाही. जॉइन होण्याआधी तिने गॅस डिटेक्टर मिळतो का आणि टाकीत उतरायची परमिट सिस्टिम आहे का, एवढं विचारायचंच, आणि उत्तर देताना समोरचा हसला तर ती नोकरी घेऊ नका.