किल्ला सगळ्यांनी मिळून का करायचा?

प्रिय ओवी,

आजीच्या सोसायटीतली मुलं दिवाळीला एकच किल्ला करणार म्हणून तू खट्टू झाली आहेस. "मला सगळ्यांत चांगलं जमतं, मग मी माझा वेगळा का नाही करायचा?" असं तू विचारलंस. तुझा हात चांगला आहे, हे खरंच आहे. पण ओली माती कुणासाठी थांबत नाही. एकटी एका बाजूने लिंपत जाशील, तोवर ऑक्टोबरच्या उन्हात दुसरी बाजू सुकून तडकेल. माती चाळायला एक, कालवायला एक आणि लिंपायला दोघं तरी हवेतच.

माझं ऐकशील तर राजगड करा. पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन माच्या (बालेकिल्ल्याखालचे तटबंदी असलेले भाग) आणि मधे उंच बालेकिल्ला, म्हणजे चार जोड्यांना चार कामं. पद्मावती पसरट, तिथे तळं करता येतं. सुवेळेवर खडकाला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. संजीवनीची तटबंदी दुहेरी आहे, ती ज्याचा हात स्थिर त्याला द्या. मोठी माणसं बघायला आली की माहिती सांगावी लागते, तेव्हा हेही सांगा की २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांत राजगड आहे.

वाटून केलेल्या कामात हमखास बिघडतात ते सांधे. प्रत्येक जण आपली माची उंच करत जातो आणि मग बालेकिल्ला ठेंगणा दिसतो. म्हणून आधी जमिनीवर खडूने आकार काढा, चार-पाच फूट लांबी पुरे. मागच्या भिंतीवर प्रत्येक माचीच्या उंचीची खूण करा आणि ती सगळ्यांनी पाळा. भांडणं तिथेच मिटतील.

सांगाडा विटा, दगड आणि फुटक्या कुंड्यांचा. त्यावर पातळ चिखलात बुडवलेलं गोणपाट घालायचं. नुसत्या दगडांवर माती धरत नाही, खाली घसरते. दोन घमेली तांबड्या मातीत एक घमेलं काळी घाला. काळी चिकट असते, पण सुकताना आकसते, त्यामुळे जास्त झाली की भेगा पडतात. पहिला थर बोटभर जाडीचा द्या. तो थोडा आवळला की मग दुसरा. पायऱ्या ओल्या मातीत कापू नका, कडा ढासळतात. बोट दाबल्यावर ठसा उमटतो पण माती बोटाला लागत नाही, तेव्हा जुन्या पट्टीने कापा.

हिरवळीसाठी अळीवच घ्या. मोहरी उतारावरून घरंगळते. अळीव मात्र भिजलं की बुळबुळीत होतं आणि मातीला चिकटून बसतं. अर्धा तास भिजवा आणि बोटांनी विरळ पसरा. दाट पेरलं तर बुरशी धरते. पाणी हाताने शिंपडायचं, तांब्याने ओतलंत तर बी आणि माती दोन्ही वाहून जातील. दोन-तीन दिवसांत मोड येतात आणि आठवड्याभरात छान हिरवं दिसतं, तेव्हा वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी पेरा. वाटा, पायऱ्या आणि तट मोकळे सोडा. अवकाळी पावसासाठी प्लास्टिक जवळ असू दे.

मावळे आणायला आजोबांबरोबर कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात जा. मोठे खाली पुढे आणि लहान वर ठेवायचे, म्हणजे गड उंच वाटतो. दरवाजा मावळ्यापेक्षा उंच हवा, हे पुष्कळ जण विसरतात. मावळे शेवटी मांडा, पाण्याने त्यांचा रंग जातो.

तुझ्या हाताची खरी गरज मावळे मांडायच्या आदल्या दिवशी पडेल. तेव्हा धाकट्यांनी केलेलं वाकडंतिकडं पुसून नव्याने करू नकोस. त्यांचा बुरूज त्यांचाच दिसू दे, तू फक्त त्याचा पाया पक्का कर. तुझ्या सफाईपेक्षा ते पोर रोज संध्याकाळी आपला बुरूज बघायला येतं, याला मी जास्त मोल देते.

आणि तुळशीच्या लग्नानंतर किल्ला सुतळी बॉम्ब लावून उडवू नका. माती कुंड्यांत घाला, विटा जागेवर ठेवा, मावळे कागदात गुंडाळून पुढच्या वर्षाला ठेवा.

फोटो पाठव, पण एका बाजूने काढलेला. समोरून उतार कळत नाही.

तुझी,
आई